एकाच मातीकडून पाच कामं: कुठल्या जमिनीला काय मागावं

माती परीक्षणाचा कागद हातात आला की नजर आधी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) यांच्यावर जाते. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली देशभर सुरू झाली. त्या पत्रिकेत बारा रकाने असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (आम्ल-विम्लता), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन). बाराही रकाने उपयोगाचे आहेत. पण सगळे मिळून एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: या जमिनीत पीक कसं येईल आणि त्यासाठी खत किती घालावं. पावसाचं पाणी या शेतात किती वेगानं मुरतं, इथून विहिरीत काय उतरतं, जमिनीत गांडुळं आहेत की नाहीत, यासाठी त्यात जागाच नाही. ही कामं जमीन करतच असते. फक्त त्यांची नोंद कुणी ठेवत नाही, आणि ती बंद पडली तरी बरीच वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

मृदाशास्त्रात हल्ली शेतजमिनीची पाच कामं मानतात. पीक आणि चारा देणं हे पहिलं. पाणी मुरवणं, धरून ठेवणं आणि गाळून खाली सोडणं हे दुसरं. हवेतला कर्ब झाडामार्फत घेऊन साठवणं हे तिसरं. शेण, पालापाचोळा, मुळं कुजवून त्यातली अन्नद्रव्यं पुन्हा पिकाला देणं हे चौथं. आणि जिवाणू-बुरशीपासून गांडुळं, कीटक, माळावरच्या पक्ष्यांपर्यंत सगळ्यांना राहायला जागा देणं हे पाचवं.

यातली काही कामं एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, काही एकमेकांच्या आड येतात. कोणतीही जमीन पाचही कामं पूर्ण ताकदीनं करू शकत नाही. त्यामुळे ‘जमीन चांगली आहे का’ एवढं विचारून भागत नाही. कोणत्या कामासाठी चांगली, आणि ते काम तिच्याकडून करून घेताना दुसरं कोणतं काम मागे पडतंय, हे विचारावं लागतं.

ही मांडणी आयर्लंडमध्ये पुढे आली. त्या देशानं २०१० साली ठरवलं की दहा वर्षांत दुधाचं उत्पादन ५० टक्क्यांनी वाढवायचं. युरोपातला दुधाचा कोटा, म्हणजे उत्पादनावरची मर्यादा, २०१५ मध्ये उठणार होता. जास्त दूध म्हणजे जास्त गवत, आणि आयर्लंडच्या कितीतरी जमिनी वर्षाचा बराच काळ ओल्या असतात. चर काढून त्यांचा निचरा केला की गवत जोमानं येतं आणि गायी लवकर चरायला सोडता येतात. पण त्या ओलाव्यामुळेच तिथे कर्ब साठून राहिलेला असतो, पाण्यातलं नायट्रेट वायू होऊन निघून जातं, आणि पाणथळीत वाढणाऱ्या वनस्पती व पक्षी टिकतात. निचरा केला की एक काम वाढतं आणि तीन घटतात. तिथल्या ‘चागस्क’ या सरकारी कृषी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुचवलं की प्रत्येक शेतातून प्रत्येक काम मागू नका. देशाला कोणतं काम किती हवंय ते ठरवा, कोणती माती कोणत्या कामात सरस आहे ते पाहा, आणि दोन्हींचा मेळ घाला.

आपल्याकडे दुधाचा कोटा नाही. पण निचऱ्याचा प्रश्न आहे, आणि तो कृष्णाकाठच्या उसात आहे.

काळी जमीन, ऊस आणि मीठ

काळ्या भारी जमिनीतली चिकणमाती फुगणारी असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. नंतर माती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. पाणी धरण्यात ही जमीन अव्वल आहे. रब्बी ज्वारी नुसत्या साठलेल्या ओलीवर निघते ती याच गुणावर. पाणी खाली सोडण्यात मात्र ती फार कमी पडते.

अशा जमिनीत बारमाही पाटपाणी आलं की काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. उसाला पाटानं हेक्टरी २ कोटी लिटर पाणी सहज दिलं जातं. पाणी चांगलं आहे असं धरा, लिटरला फक्त अर्धा ग्रॅम क्षार. तरी एका हंगामात शेतात १० टन क्षार येतात. पाणी पानांतून आणि जमिनीवरून उडून जातं, क्षार मागे राहतात. पावसानं ते धुऊन खाली गेले तर ठीक. खाली जायला वाट नसेल तर भूजल वर चढतं आणि क्षारही घेऊन वर येतं. आधी शेताच्या सखल कोपऱ्यात पांढरं फटक दिसायला लागतं, मग उगवण विरळ होते. क्षारांत सोडियम जास्त असेल तर चिकणमातीचे कणच सुटे होतात, छिद्रं बुजतात, जमीन चोपण होते. मग पाणी ना मुरतं ना निघतं, आणि नांगर लावला तर दगडासारखी ढेकळं निघतात.

दख्खनच्या कालव्यांवर हा अनुभव नवा नाही. नीरेच्या कालव्याखालच्या जमिनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच क्षारानं आणि पाणथळीनं खराब व्हायला लागल्या होत्या, आणि त्या वेळच्या अभियंत्यांनी निचऱ्याचे चर काढून त्यावर काम केलं होतं. कालवा काढताना त्याच्यासोबत निचऱ्याची वाटही हवी, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. पाणी आणायला मात्र आपण नेहमी घाई केली आणि ते बाहेर काढायला उशीर.

आता नत्राकडे बघू. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या) उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर ४५ किलोच्या १९ पोती. पिकाच्या हाती यातलं साधारण निम्मं किंवा त्याहूनही कमी लागतं. आपल्या जमिनी चुनखडीच्या आणि जास्त सामूच्या, म्हणून वर फेकलेल्या युरियातलं काही नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतं. जमीन पाण्यानं तुंबलेली असेल तर जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि नत्र वायू होऊन उडतं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साईड असतो, जो वजनास वजन धरला तर शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो.

विहिरीच्या बाजूनं बघितलं तर हा हिशेब जास्त बोचतो. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. १० किलो नत्र नायट्रेट होऊन खाली उतरलं, तर जवळजवळ १० लाख लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेपर्यंत येऊन पोचतं. ४०० किलोतले फक्त दहा. शेतकऱ्याच्या खर्चात तो तोटा नगण्य दिसतो, पण गावाच्या पाण्यात तसा नसतो.

क्षारपड जमिनीवरचा खात्रीचा इलाज म्हणजे भूमिगत निचरा. साधारण मीटरभर किंवा थोडं जास्त खोल छिद्रांचे पाईप टाकायचे, त्यांना गाळणीचं कापड गुंडाळायचं, आणि पाणी उतारानं ओढ्यात सोडायचं. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलं आहे, आणि शिरोळ भागात साखर कारखान्याच्या पुढाकारातून शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या आहेत. एकत्र येण्याला पर्याय नसतो, कारण एकाचा पाईप दुसऱ्याच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. ज्या घराचं रान दहा-पंधरा वर्षं पडून होतं, त्याच्यासाठी हा निचरा म्हणजे नवा जन्मच. त्याला कुणी विरोध करावा असं मला अजिबात वाटत नाही.

तरीही पाईपच्या तोंडातून काय बाहेर पडतं, ते बघितलं पाहिजे. क्षार पडतात, ते पडायलाच हवेत. सोबत नायट्रेटही पडतं, आणि पूर्वी जे पाणी मातीच्या थरांतून हळूहळू झिरपत जायचं ते आता थेट ओढ्यात जातं. पुढे तोच ओढा नदीला मिळतो आणि खालच्या गावाची नळयोजना त्याच नदीवर असते. म्हणून निचरा केलेल्या रानात खताची पद्धत बदलणं हा निचऱ्याच्याच कामाचा भाग मानायला हवा: नत्र जास्त हप्त्यांत, मातीआड किंवा ठिबकमधून, आणि पाणी मोजून. ओढ्याला मिळण्याआधी पाणी गवत-लव्हाळ्याच्या पट्ट्यातून किंवा उथळ डबक्यातून नेलं, तर तिथले जिवाणू बरंचसं नायट्रेट मोडतात. सखल भागातली दोन-चार गुंठे पाणथळ जागा तशीच ठेवणं म्हणजे जमीन वाया घालवणं नव्हे. बाकीच्या रानानं टाकून दिलेलं काम ती करते.

पाचट: फायदा आहे, पण लगेच नाही

ऊस तुटून गेला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात राहतं. ते पेटवलं की रान एका दिवसात मोकळं होतं. न पेटवता सरीत दाबलं तर काय मिळतं, हे आता बहुतेकांना तोंडपाठ आहे: ओल टिकते, तण दबतं, सेंद्रिय कर्ब वाढतो, खत वाचतं. हे खरं आहे, पण प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेला खरी आहे.

कर्बाचं गणित घ्या. ९ टन पाचटात साधारण ३ टन कर्ब असतो. जिवाणू तो खातात, आणि बहुतेक कर्ब वर्षा-दोन वर्षांत वायू होऊन परत हवेत जातो. जमिनीत टिकाऊ रूपात उरतो तो दहावा ते पाचवा हिस्सा, म्हणजे ३०० ते ६०० किलो. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचं वजन सुमारे २० लाख किलो. त्यात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांवरून ०.६ करायचा तर २ टन कर्ब टिकावा लागतो. म्हणजे दरवर्षी पाचट ठेवून, आणि जुना कर्ब घटत नाही असं धरून, चार ते सात वर्षं. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवण्याआधी हा हिशेब करून बघावा.

आता नत्र. मातीतल्या टिकाऊ सेंद्रिय पदार्थात साधारण दहा-बारा भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं. ३०० ते ६०० किलो कर्ब टिकवायचा तर २५ ते ५० किलो नत्र त्याच्यात अडकून पडणार. पाचटात स्वतःचं नत्र असतं ४० ते ५० किलो. म्हणजे पाचटानं आणलेलं बरंचसं नत्र कर्बाला बांधून ठेवण्यातच जातं. शिवाय कुजण्याच्या सुरुवातीला जिवाणू मातीतलं नत्रही ओढून घेतात आणि खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची) पानं पिवळी पडतात. म्हणूनच पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायची शिफारस आहे. कर्ब साठवणं आणि पिकाला लगेच अन्न देणं या दोन कामांची इथे काही महिने खेचाखेच होते. युरियाची ती दोन पोती या मधल्या काळासाठी असतात. पालाशचं तसं नाही. पाचटातला ७५ ते १०० किलो पालाश लवकर मोकळा होतो, तेवढं खत पहिल्याच वर्षी कमी करता येतं. नत्राची बचत काही वर्षांनी दिसते, साठा वाढल्यावर.

पाण्याबद्दलही एक दावा सतत ऐकू येतो, की सेंद्रिय कर्ब १ टक्का वाढवला की हेक्टरी लाखो लिटर पाणी जास्त साठतं. जगभरच्या मोजमापांचा २०१८ मध्ये झालेला एक आढावा वेगळं सांगतो. १ टक्का कर्बामागे पिकाला मिळणारं पाणी १०० मिलिमीटर मातीत सरासरी १.२ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. ३० सेंटीमीटर खोलीला हे हेक्टरी सुमारे ३५ हजार लिटर होतं, आणि चिकणमातीत त्याहून कमी. आपल्या काळ्या जमिनीला पाणी धरायला कर्बाची फारशी गरज नाही, ते काम चिकणमाती करते. कर्बाची गरज आहे ती पाणी आत शिरायला. ढेकूळ पाण्यात विरघळू नये, वरचा थर थापला जाऊ नये, गांडुळांची भोकं उघडी राहावीत, यासाठी. फायदा खरा असताना त्याचं कारण चुकीचं सांगितलं की माणूस चुकीच्या जागी मोजतो आणि निराश होतो.

आणि जीवांना घर द्यायचं म्हटलं की त्यात सगळेच येतात. पाचटाखाली गांडुळं वाढतात तसे उंदीरही येतात. न कुजलेल्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात येते. ज्या शेतकऱ्याचा खोडवा उंदरांनी कुरतडला त्याला ‘जैवविविधता’ हा शब्द सांगून समजूत निघत नाही. पाचट बारीक करून सरीत दाबणं, खत पूर्ण कुजवून घालणं, हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर गावानं मिळून गोळा करणं, ही त्या कामाची किंमत आहे आणि ती मोजावी लागते.

जिथे कामं एकमेकांना धरून चालतात

प्रत्येक ठिकाणी ओढाताण असते असंही नाही. हैदराबादजवळ पटंचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं १९७६ पासून काळ्या जमिनीवर शेजारी-शेजारी दोन पद्धती चालवल्या. एक पारंपरिक: पावसाळ्यात रान पड, मग रब्बीत ज्वारी किंवा हरभरा. दुसरी: रुंद वरंबा-सरी, पावसाळ्यातच पेरणी, मका-तुरीसारखं आंतरपीक, आणि शिफारशीनुसार खत. पारंपरिक रानात धान्य हेक्टरी एक टनाच्या आसपास राहिलं, सुधारित रानात पाच टनांच्या जवळ गेलं. वाहून जाणारी माती वर्षाला सहा टनांच्या वरून दीड टनाच्या आसपास आली. शिवाय सुधारित रानात दरवर्षी हेक्टरी सुमारे ३०० किलो कर्ब जास्त साठला. पीक, पाणी आणि कर्ब, तिन्ही एका दिशेनं सरकले, कारण मूळ अडचण एकच होती: ऐन पावसात जमीन उघडी पडलेली.

सोलापूर-नगरकडे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. तिथे पाऊस कमी आणि लहरी, आणि जमिनीची खोली दर शंभर पावलांवर बदलते. हात-दीड हात खोलीच्या रानात दोन पिकांची ओल मावत नाही. पण पावसाळ्यात रान झाकलेलं ठेवावं, मग ते मूग-उडदानं असो की तागानं, हे तत्त्व तिथेही लागू पडतं.

ज्या जमिनीला आपण निकामी म्हणतो

नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था जमिनींचे नकाशे करते. त्यातल्या उथळ, मुरमाड जमिनी पिकासाठी खालच्या वर्गात असतात. महसुली भाषेत त्या पोटखराब किंवा पडीक. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर गेलात तर त्याच उथळ मातीवर काळवीट, लांडगे, धाविक पक्षी, हे सगळं गवताच्या आधारानं उभं असलेलं दिसतं; एकेकाळी माळढोकही इथे बऱ्याच संख्येनं होता. अशी जमीन चार क्विंटल बाजरीसाठी फोडली तर पिकाचं काम जेमतेम होतं, माती पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत खाली उतरते आणि जीवांचं घर कायमचं जातं. तिथे ओळीत झाडं लावली तरी गवताळ माळाचं तेच होतं. माझ्या मते या जमिनींकडून धान्य मागणंच चूक आहे. गवत, चारा, मुरणारं पाणी आणि माळावरचे जीव, एवढं तिनं दिलं तर ती भरपूर काम करते आहे.

इथे एक सावधगिरी हवी. हल्ली कर्ब साठवल्याबद्दल शेतकऱ्याला पैसे देणाऱ्या योजना येत आहेत. पैसे मिळत असतील तर घ्यावेत. पण मोबदला फक्त कर्बाला असेल तर माणूस कर्बच वाढवायला बघेल, आणि माळावर झाडांच्या ओळी उभ्या राहतील. एका कामाचं मोजमाप आणि एकाच कामाचे पैसे, याचा परिणाम काय होतो तो आपण उसात पाहिलेला आहे.

शेतात काय बघावं, गावात काय ठरवावं

पत्रिकेत नसलेली कामं बघायला प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेलं सुपारीएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. बांधावरची, कधी न नांगरलेली माती बराच वेळ टिकते. रानातली मिनिटाभरात गाळ झाली तर वरचा थर पावसात थापला जाणार, पाणी वाहणार. दोन्ही बाजूंनी उघडा डबा चार बोटं जमिनीत ठोकून त्यात मोजून पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. दरवर्षी एकाच जागी, वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. श्रावणात फावड्याभर माती उलटून गांडुळं मोजा. आकडा किती आला यापेक्षा तो वर्षागणिक कुठे चाललाय ते महत्त्वाचं.

पाण्याचं काम मात्र एका शेताच्या हद्दीत मावत नाही. माथ्यावर गवत टिकलं तर पायथ्याच्या विहिरीला पाणी, आणि मधल्या भागात खत जास्त झालं तर त्याच विहिरीत नायट्रेट. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे गाव म्हणून हाताळलं. डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. माथ्याच्या जमिनीनं कोणतं काम करायचं आणि पायथ्याच्या जमिनीनं कोणतं, हे तिथे ग्रामसभेत ठरलं. डोंगरावर शेळ्या चारणाऱ्यानं काही सोडलं, विहीरवाल्यानंही सोडलं, आणि गवत सगळ्यांना कापून नेता येऊ लागलं. ऊसपट्ट्यात एवढं कडक काही लगेच होणार नाही, कारण तिथे कारखाना, कर्ज आणि घरखर्च सगळं उसाशी बांधलेलं आहे.

तिथे सुरुवात छोटी असू शकते. पाण्यातलं नायट्रेट तपासायच्या साध्या पट्ट्या मिळतात. गावातल्या दहा-बारा विहिरी आणि निचऱ्याच्या पाईपचं तोंड, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासायचं, आणि आलेले आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहायचे, कुणाच्या नावाशिवाय.